मॉडेल रॉकेट्रीची छपाई बंद झालेली पुस्तकं कशी शोधावीत

मॉडेल रॉकेट्रीवरचं, म्हणजे तयार मोटर बसवून छोटी रॉकेटं उडवण्याच्या छंदावरचं, जुनं छापील साहित्य हा बहुतांशी अमेरिकन मामला आहे. १९५४ मध्ये नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइल यांनी पहिलं मॉडेल रॉकेट बनवलं. १९५७ मध्ये जी. हॅरी स्टाइन यांनी मॉडेल मिसाइल्स ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी व्हर्नन एस्टिस यांनी आपली. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत या छंदावर पुस्तकं, मासिकं, तांत्रिक पुस्तिका आणि कॅटलॉग यांचा ढीग छापला गेला. आज त्यातलं फार थोडं नवं विकत मिळतं, बाकी सगळं जुन्या बाजारात शोधावं लागतं.

नवखा माणूस यातल्या प्रत्येक गोष्टीला ‘दुर्मीळ’ म्हणतो आणि विक्रेतेही त्याला तसंच सांगतात. प्रत्यक्षात मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं भरपूर छापली गेली आणि शाळांच्या ग्रंथालयांत गेली. ती फक्त चुकीच्या नावाने, चुकीच्या खणात पडलेली असतात. छोट्या प्रकाशकांची पुस्तकं खरोखरच कमी आहेत. सगळ्यात कमी उरल्या आहेत त्या फुकट वाटलेल्या किंवा नाममात्र किमतीच्या पुस्तिका, कारण त्या कुणी जपल्याच नाहीत. म्हणून पहिलं काम शोधण्याचं नाही, नेमकं काय हवं ते ठरवण्याचं.

१. आधी यादी करा

‘रॉकेटवरची जुनी पुस्तकं’ हा शोध कुठेच पोहोचत नाही. यादीतल्या प्रत्येक नोंदीत लेखकाचं नाव मूळ रोमन स्पेलिंगसह, प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती, बांधणी (कडक की कागदी) आणि ते पुस्तक कशासाठी हवं आहे एवढं लिहा. शेवटचा मुद्दा लोक टाळतात आणि नको त्या आवृत्तीला पैसे मोजतात.

स्टाइन यांचं ‘हँडबुक ऑफ मॉडेल रॉकेट्री’ घ्या. पहिली आवृत्ती शिकागोच्या फॉलेट प्रकाशनाने १९६५ मध्ये काढली. चौथी १९७६ ची, तीही फॉलेटचीच. पाचवी १९८३ मध्ये आर्कोने काढली, सहावी १९९४ मध्ये जॉन वायलीने. स्टाइन १९९७ मध्ये वारले, त्यामुळे २००४ ची सातवी आवृत्ती त्यांचे चिरंजीव बिल स्टाइन यांच्या नावासह आली. वाचून शिकायचं असेल तर सहावी किंवा सातवी घ्या. त्या सहज मिळतात आणि त्यांतली सुरक्षेची माहिती त्यातल्या त्यात अलीकडची आहे. साठच्या दशकात लोक काय उडवत होते हे पाहायचं असेल तर पहिली. मधल्या आवृत्त्या समोर स्वस्तात आल्या तर घ्या, मुद्दाम मागे लागण्याचं कारण नाही.

‘टॉपिक्स इन अ‍ॅडव्हान्स्ड मॉडेल रॉकेट्री’ हे १९७३ चं एमआयटी प्रेसचं पुस्तक वेगळ्या जातीचं आहे. मँडेल, कॅपोरासो आणि बेंगेन या तिघांनी रॉकेटची गतिशील स्थिरता, हवेचा अवरोध आणि उंचीचं गणित त्यात कलनासकट मांडलं आहे. गणिताची तयारी नसेल तर ते शोभेला राहील. (यातले बेंगेन म्हणजे निवृत्तीच्या पुंजीतून दरसाल चार टक्के काढण्याचा नियम सांगणारे, अर्थनियोजनात प्रसिद्ध झालेले तेच गृहस्थ.)

खऱ्या रॉकेटांच्या हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्यांना पीटर ऑल्वे यांचं ‘रॉकेट्स ऑफ द वर्ल्ड’ हवं असतं. मापांसकट आणि रंगयोजनेसकट आराखडे एवढ्या संख्येने दुसरीकडे एकत्र नाहीत. पहिली आवृत्ती १९९३ ची, प्रकाशक अ‍ॅन आर्बरचं सॅटर्न प्रेस. हे छोटं प्रकाशन, त्यामुळे प्रती कमी आणि धरून ठेवणारे जास्त. इथे शक्य तितकी नंतरची आवृत्ती बघा, कारण त्यात रॉकेटं वाढलेली आहेत.

मायकेल बँक्स यांची ‘सेकंड स्टेज’ (काल्मबाक) आणि ‘काउंटडाउन’ (टॅब बुक्स) ही दोन्ही १९८५ ची, आणि रॉबर्ट कॅनन यांच्यासोबतचं त्यांचं ‘द रॉकेट बुक’ही त्याच वर्षीचं. ही मधल्या फळीतली पुस्तकं, थोडा धीर धरला की मिळतातच. टिमथी व्हॅन मिलिगन यांच्या ‘मॉडेल रॉकेट डिझाइन अँड कन्स्ट्रक्शन’ची १९९५ ची काल्मबाकची प्रत शोधत बसू नका, पुढच्या आवृत्त्या जास्त भरलेल्या आहेत.

एक पुस्तक वेगळं काढून ठेवा. कॅप्टन बर्ट्रंड ब्रिन्ली यांचं ‘रॉकेट मॅन्युअल फॉर अमॅच्युअर्स’, बॅलंटाइन, १९६०. विक्रेते ते मॉडेल रॉकेट्रीत घालतात, पण ते धातूची रॉकेटं आणि घरी बनवलेलं इंधन यांचं आहे. तयार मोटर वापरण्याची मॉडेल रॉकेट्रीची पद्धत रुजली ती नेमकी असल्या प्रयोगांत पोरांची बोटं जात होती म्हणून. इतिहास म्हणून वाचा, त्यातली एकही कृती करू नका.

मासिकांत ‘मॉडेल रॉकेट्री’ हे १९६८ ते १९७२ असं थोडी वर्षं चाललेलं मासिक सर्वांत मोलाचं. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या अमेरिकन छंदवाल्यांच्या संघटनेच्या नियतकालिकाचं नाव बदलत गेलं: ‘मॉडेल रॉकेटियर’, मग ‘अमेरिकन स्पेसमॉडेलिंग’, मग ‘स्पोर्ट रॉकेट्री’. शोधताना तिन्ही नावं टाकावी लागतात.

पूर्व युरोपचं साहित्य हा वेगळा खजिना आहे. पहिली जागतिक स्पर्धा १९७२ मध्ये युगोस्लाव्हियातल्या व्रशात्स इथे झाली, आणि सोव्हिएत संघात दोसाफ या संघटनेच्या प्रकाशनाने स्पर्धेच्या रॉकेटांवर चांगली पुस्तकं काढली. ती शोधताना नाव सिरिलिक लिपीतच टाका. रोमन लिप्यंतर प्रत्येक विक्रेत्याचं वेगळं असतं.

२. आवृत्तीचा पुरावा: कॉपीराइटचं पान

मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नका, शीर्षकपानाच्या मागचं पान बघा. तिथे बऱ्याचदा अंकांची एक ओळ असते, उदाहरणार्थ १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३. तिच्यातला सर्वांत लहान अंक म्हणजे कितवी छपाई, इथे तिसरी. ‘कॉपीराइट १९६५’ एवढ्यावरून पहिली आवृत्ती ठरत नाही, कारण नंतरच्या आवृत्त्यांतही जुनी वर्षं ओळीने छापलेली असतात. सगळ्यात उशिराचं वर्ष धरा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, त्याआधीच्या पुस्तकांना तो नसतो. साठच्या दशकाच्या अखेरच्या काही पुस्तकांवर नऊ अंकी एसबीएन सापडतो. त्याच्यापुढे शून्य लावलं की दहा अंकी आयएसबीएन तयार. त्याहून जुन्या पुस्तकासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा कार्ड क्रमांक वापरा, तो त्याच पानावर असतो.

दहा अंकी क्रमांक तेरा अंकी करताना नुसतं ९७८ जोडून चालत नाही, शेवटचा तपासणी अंक बदलतो. स्टाइन यांच्या सातव्या आवृत्तीचा क्रमांक ०-४७१-४७२४२-५. तेरा अंकी रूपात तो ९७८-०-४७१-४७२४२-१ होतो. पाचाचा एक झाला. हाताने जोडलेल्या चुकीच्या क्रमांकाने शोधलं की ‘निकाल नाही’ येतं आणि पुस्तक मिळतच नाही असा समज होतो. शक्य असेल तेव्हा दोन्ही क्रमांकांनी शोधा.

उलट बाजूही आहे. एकाच क्रमांकाखाली विक्रेते वेगवेगळ्या आवृत्त्या लावतात. संकेतस्थळ क्रमांकावरून चित्र आपोआप चिकटवतं, त्यामुळे दिसतं एक आणि घरी येतं दुसरंच.

३. शोध कुठे आणि कोणत्या शब्दांनी

सुरुवात वर्ल्डकॅटने करा. हे ग्रंथालयांचं एकत्रित सूचीपत्र आहे. विकत काही मिळत नाही, पण पुस्तकाच्या किती आवृत्त्या निघाल्या, पानं किती, आकार केवढा हे तिथे कळतं. पानांचा आकडा टिपून ठेवा, पुढे प्रत पूर्ण आहे की नाही हे त्यावरूनच तपासायचं आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात मॉडेल रॉकेटं टीएल ८४४ खाली येतात, ड्यूई पद्धतीत ६२९.४ च्या आसपास. ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीला गेलात तर आधी त्या खणात हात घाला, मग मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत, आणि शेवटी हस्तकला व छंद यांच्या खणात. तिथेही सापडतात.

विकतच्या शोधासाठी बुकफाइंडर आणि व्हायालिब्री ही एकत्र शोधयंत्रं पुरतात. ती एबबुक्स, बिब्लिओ वगैरे बाजारांत एकाच वेळी बघतात. एबबुक्सवर हव्या असलेल्या पुस्तकाची नोंद करून ठेवता येते आणि प्रत आली की निरोप येतो. ती नोंद करून मोकळे व्हा. रोज बघत बसल्याने घाई होते, आणि घाईत माणूस पहिल्या महागड्या प्रतीवर पैसे टाकतो.

ईबेचा रिवाज वेगळा. तिथे नुसतं ‘मॉडेल रॉकेट’ टाकलं तर हजारो किट येतात. शोधात उणे चिन्हाने किट, मोटर, लाँचर हे शब्द वगळा. मग चुकीची स्पेलिंगं टाका. स्टाइन यांचं नाव लोक ‘स्टीन’सारखं लिहितात, ऑल्वे यांच्या नावामागे एक जादा एस लावून इंग्रजी ‘ऑल्वेज’ करून टाकतात. अशा नोंदी बाकीच्या खरेदीदारांना दिसतच नाहीत, आणि खरे स्वस्त सौदे तिथेच होतात. साठच्या दशकाआधी आणि त्याच्या सुरुवातीला ‘मॉडेल मिसाइल’ हा शब्द चालायचा, युरोपीय साहित्यात ‘स्पेसमॉडेलिंग’. तेही टाकून बघा.

‘लॉट’ म्हणजे एकगठ्ठा विक्रीकडे खास लक्ष ठेवा. एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या किंवा जुन्या छंदवाल्याच्या घरातलं सामान निघतं तेव्हा पुस्तकं सुटी विकली जात नाहीत. रॉकेटांच्या तुटक्या भागांबरोबर एका खोक्यात जातात आणि वर्णनात पुस्तकाचं नावही नसतं. फोटो मोठा करून खोक्याच्या तळाशी कणे वाचता येतात का बघा.

मासिकातला एखादा लेख हवा असेल तर महिना आणि वर्ष घेऊन शोधा. फेब्रुवारी १९५७ च्या ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’मध्ये स्टाइन यांचा घरगुती रॉकेटांच्या धोक्यांविषयीचा लेख आला होता, तो वाचूनच कार्लाइल यांनी त्यांना पत्र लिहिलं आणि पुढचा सगळा छंद घडला. हा अंक रॉकेटच्या नावाने कुणी विकत नाही, साध्या जुन्या मासिकाच्या भावाने मिळतो.

४. भाव

मागितलेला भाव आणि विकला गेलेला भाव यांचा संबंध असेलच असं नाही. ईबेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ ही चाळणी लावा आणि गेल्या काही महिन्यांत ती प्रत खरोखर कितीला गेली ते बघा. तीन-चार व्यवहार दिसले की अंदाज येतो.

काही आकडे माणसाने लावलेलेच नसतात. २०११ मध्ये माश्यांच्या जनुकशास्त्रावरच्या एका छपाई बंद झालेल्या पुस्तकाची किंमत अ‍ॅमेझॉनवर २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेली होती. दोन विक्रेत्यांच्या संगणकांपैकी एक दुसऱ्याच्या किमतीच्या ०.९९८३ पट लावत होता आणि दुसरा पहिल्याच्या १.२७ पट. दुसऱ्याकडे बहुधा पुस्तक नव्हतंच. मागणी आली तर पहिल्याकडून घेऊन द्यायचं असा हिशोब. रॉकेटच्या पुस्तकांतही दोनच प्रती बाजारात असल्या की छोट्या प्रमाणावर हेच होतं. एकाच पुस्तकाच्या सगळ्या प्रती भरमसाट किमतीच्या दिसल्या, वर्णनं साच्यातली आणि फोटो एकाही प्रतीचा नाही, तर थांबा. खरी प्रत हातात असलेला विक्रेता आला की ते आकडे कोसळतात.

भाव कशाने बदलतो? वरचं सुटं वेष्टन शाबूत असणं, पहिली छपाई, लेखकाची सही यांनी वाढतो. ग्रंथालयाचे शिक्के, कण्यावरचं लेबल, मागच्या पानावरचं खिसापाकीट यांनी उतरतो, आणि चांगलाच उतरतो. वापरण्यासाठी पुस्तक हवं असेल तर शिक्क्यांची प्रतच घ्या. ग्रंथालयाची बांधणी बहुधा दुकानातल्या प्रतीपेक्षा मजबूत असते. पण ती घेण्याआधी पुढचं प्रकरण वाचाच.

५. पैसे देण्याआधी काय विचाराल

या पुस्तकांना एक खास रोग आहे. पंखांचे नमुने, उंची मोजण्याचे कोष्टक, तक्ते हे सगळं पुस्तकाच्या शेवटी असतं, आणि पन्नास वर्षं शाळेतल्या मुलांच्या हातात राहिलेल्या प्रतीत ते कात्रीने कापून नेलेलं असतं. विक्रेता मुखपृष्ठ बघून ‘चांगली स्थिती’ लिहितो. त्याने शेवटची वीस पानं उलटलेली नसतात.

म्हणून साध्या शब्दांत चार गोष्टी मागा: कॉपीराइटच्या पानाचा फोटो, शेवटच्या क्रमांकित पानाचा फोटो, परिशिष्टातल्या नमुन्यांच्या पानांचे फोटो, आणि कणा सरळ बघून एक फोटो. घडीचे मोठे तक्ते असतील तर ते उघडून दाखवायला सांगा. फोटो पाठवायला टाळाटाळ करणाऱ्याकडे प्रत नसण्याचीच शक्यता जास्त.

स्थितीचे शब्द फसवे आहेत. इंग्रजी पुस्तकबाजारात ‘फाइन’ म्हणजे जवळजवळ नवं, त्याखाली ‘व्हेरी गुड’, आणि ‘गुड’ म्हणजे सर्रास वापरलेलं, झिजलेलं पण पानं सगळी असलेलं. ‘फेअर’ म्हणजे मजकूर पूर्ण, बाकी देवाची कृपा. ‘रीडिंग कॉपी’ म्हणजे वाचा आणि तक्रार करू नका. ‘एक्स-लिब’ म्हणजे ग्रंथालयातून बाद केलेली. ‘फॉक्सिंग’ म्हणजे पानांवरचे तपकिरी ठिपके. दिसायला वाईट, पण मजकुराला त्रास नाही. ‘मस्टी’ हा शब्द दिसला तर सोडून द्या, कारण कुबट वास जात नाही.

पाठवणीबद्दल एक बारकावा. अमेरिकेच्या टपाल खात्याचा ‘मीडिया मेल’ हा पुस्तकांचा स्वस्त दर फक्त देशांतर्गत आहे आणि जाहिराती असलेल्या छपाईला तो लागू नाही. म्हणजे स्टाइन यांचं पुस्तक त्या दराने जाईल, एस्टिसचा कॅटलॉग जाणार नाही. एकगठ्ठा मागवताना विक्रेत्याने सगळ्याला तोच दर लावला असेल तर आधीच सांगा, नाहीतर पार्सल अडतं. पातळ पुस्तिका दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये घालून, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून पाठवायला सांगा. नुसत्या लिफाफ्यातली पुस्तिका मधोमध दुमडूनच पोहोचते.

६. पुस्तिका आणि कॅटलॉग

खरी शिकार इथे आहे. एस्टिसचे तांत्रिक अहवाल, ‘मॉडेल रॉकेट न्यूज’चे अंक, फिनिक्सच्या सेंचुरी कंपनीची तांत्रिक माहितीपत्रकं. रॉकेटच्या दाबकेंद्राचं (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूचं) जे गणित आज प्रत्येक संगणकीय आज्ञावलीत आहे, ते जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये स्पर्धेत मांडलं आणि नवख्यांपर्यंत पोहोचलं ते सेंचुरीच्या टीआयआर-३३ या पत्रकातून. त्याला आयएसबीएन नाही, कण्यावर नाव नाही, आणि विकणाऱ्याला ते काय आहे हेही ठाऊक नसतं.

अशा कागदांवर बऱ्याचदा तारीख नसते. ती काढण्याच्या काही पक्क्या खुणा आहेत.

पत्ता बघा. एस्टिस १९६१ मध्ये डेन्व्हरहून कोलोरॅडोतल्याच पेनरोझ गावी गेली. डेन्व्हरचा पत्ता असेल तर कागद सुरुवातीचा. पत्त्यात पाच अंकी झिप कोड (पेनरोझचा ८१२४०) असेल तर तो जुलै १९६३ नंतरचा, कारण त्याआधी झिप कोड नव्हतेच. डॅमन कंपनीचा उल्लेख असेल तर १९६९ किंवा नंतरचा, त्या वर्षी एस्टिस डॅमनकडे गेली.

मग मोटरींची नावं बघा. नावातल्या अक्षरापुढचा आकडा म्हणजे मोटरीचा सरासरी जोर. साठच्या दशकातल्या बऱ्याच काळापर्यंत तो पौंडांत लिहीत, नंतर न्यूटनमध्ये. बी३-५ अशी मोटर दिसली तर ते पौंडांचं नाव. ३ पौंड म्हणजे सुमारे १३.३ न्यूटन, आणि पुढे तीच मोटर बी१४-५ झाली. पत्ता आणि मोटर ही दोन साक्षीदारं जुळली की वर्ष दोन-तीन वर्षांच्या आत बसतं.

वजनाची मर्यादाही बोलते. जुन्या साहित्यात रॉकेट जास्तीत जास्त १ पौंड, म्हणजे ४५३ ग्रॅम, आणि इंधन ४ औंस असं येतं. १५०० ग्रॅम आणि १२५ ग्रॅम हे आकडे बरेच नंतरचे.

पुस्तिका मिळाली की पहिला शत्रू स्टेपल. गंजलेली पिन ओढून काढली तर कागद सोबत फाटतो. मधलं पान उघडा, पिनेचे दोन्ही पाय आतल्या बाजूने पातळ, बोथट पट्टीने सरळ करा, मग बाहेरून अलगद काढा. त्याच भोकांतून बारीक सुती दोरा ओवून गाठ आतल्या बाजूला मारा. चिकटपट्टी कुठेही लावू नका. दहा वर्षांनी तिचा गोंद पिवळा पडून अक्षरांवर उतरतो आणि मग काहीच करता येत नाही.

प्लॅस्टिकच्या कंगव्याची बांधणी असलेली पुस्तकं उघडताना कडाकडा तुटतात, कारण जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. नवा कंगवा बसवता येतो, पण अमेरिकन लेटर आकाराच्या पुस्तकाला १९ भोकं असतात आणि ए-४ च्या कंगव्याला २१ दात. दोन दात कापून टाका. पानांना नवी भोकं पाडायला जाऊ नका.

७. घरी आल्यावर

आलेली पुस्तकं थेट कपाटात ठेवू नका. बंद पिशवीत आठवडाभर वेगळी ठेवा आणि मग पानांच्या घड्यांत पांढरट किडे, भुसा, कसरीने कुरतडलेल्या कडा आहेत का बघा. कीड दिसली तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. याने किडे मरतात, बुरशी मरत नाही. बुरशीवर उपाय कोरड्या हवेचा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवली तर ती वाढत नाही. ओली बुरशी आधी वाळू द्या, मग मोकळ्या हवेत मऊ ब्रशने झाडा, तोंडाला मास्क लावून.

पानांचा आकडा वर्ल्डकॅटच्या नोंदीशी ताडा. परत करण्याची मुदत जायच्या आत.

८. प्रत मिळालीच नाही तर

आंतरग्रंथालयीन उसनवारीने दूरच्या ग्रंथालयातलं पुस्तक किंवा त्यातल्या एका प्रकरणाची प्रत मागवता येते. जवळच्या ग्रंथपालांना वर्ल्डकॅटची नोंद दाखवा. इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या दोन्ही डिजिटल ग्रंथालयांत बघा. प्रकाशकांनी जिंकलेल्या दाव्यानंतर आर्काइव्हच्या वाचनालयातून पाच लाखांवर पुस्तकं काढली गेली, त्यामुळे पूर्वी दिसणारं पुस्तक आता नसू शकतं. एस्टिस आणि सेंचुरीचे जुने कॅटलॉग स्कॅन करून ठेवलेली निनफिंगरसारखी संकेतस्थळं आहेत, आणि नुसता मजकूर हवा असेल तर त्यांनीच काम भागतं.

हक्कांचं साधारण गणित असं: अमेरिकेत १९६३ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क २८ व्या वर्षी अर्ज करून वाढवावा लागे, ज्यांनी वाढवला नाही त्यांचा संपला. १९६४ पासून १९७७ पर्यंतच्यांचा आपोआप वाढून ९५ वर्षांचा झाला. मात्र १९७८ पूर्वी हक्काची सूचना न छापता वाटलेला कागद बहुधा खुला असतो, आणि जुन्या पुस्तिकांत असे बरेच आहेत. स्कॅन करून वाटण्याआधी हे तपासा.

स्कॅनवरून पंखांचे नमुने छापताना जवळपास प्रत्येकाचं माप बिघडतं. अमेरिकन लेटर कागद २१५.९ मिमी रुंद, ए-४ फक्त २१०. प्रिंटरला ‘पानात बसवा’ सांगितलं की सगळं सुमारे तीन टक्क्यांनी आक्रसतं. पंख लहान झाला की दाबकेंद्र पुढे सरकतं, आणि काठावर स्थिर असलेलं रॉकेट हवेत गिरक्या घेतं. ‘प्रत्यक्ष आकार’ निवडा, आणि आराखड्यावर काढलेली नळी मोजपट्टीने नव्हे, कॅलिपरने मोजा. एस्टिसच्या नळ्यांचे बाहेरचे व्यास ठरलेले आहेत: बीटी-२० चा १८.७ मिमी, बीटी-५० चा २४.८, बीटी-६० चा ४१.६. कागदावर बीटी-५० २४.१ भरली तर २४.८ भागिले २४.१, म्हणजे १०३ टक्के मोठं करून पुन्हा छापा. हीच तपासणी पानाच्या उभ्या दिशेनेही करा, कारण कागद ओढून घेणारे स्कॅनर एका दिशेनेच ताणतात. स्कॅन स्वतः करत असाल तर ६०० डीपीआयवर करा आणि पानाशेजारी मोजपट्टी ठेवा.

फिक्या छपाईच्या स्कॅनमध्ये टिंब उडतं, हेही ध्यानात ठेवा. जुनी ए.८-३ ही मोटर टिंब गेलं की ए८-३ वाचली जाते. पहिलीचा जोर ०.८ पौंड, म्हणजे ३.६ न्यूटन, दुसरीचा ८ न्यूटन. जुन्या उंचीच्या कोष्टकातून आकडा उचलायच्या आधी ते कोष्टक पौंडांचं आहे की न्यूटनचं, हे त्याच पानावरच्या दुसऱ्या मोटरींवरून ठरवा: बी३ दिसली तर पौंड, बी१४ दिसली तर न्यूटन.